पॉमचं पिल्लू आणलंय, खायला नेमकं काय द्यायचं? (म्हापसा)

बार्देशी_मुलगी

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे पॉमेरेनियनचं पिल्लू आलंय, मादी आहे, दोन महिने नुकतेच पूर्ण झालेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत घालून वजन केलं तर टोपली वजा जाता १ किलो २०० ग्रॅम भरलं. नाव अजून ठरत नाहीये, प्रत्येक जण वेगळ्या नावानं हाक मारतोय आणि ती कुणालाच ओ देत नाही.

प्रश्न खाण्याचा आहे. ज्यांच्याकडून आणलं त्यांनी एका पारदर्शक पिशवीत सुटे दाणे बांधून दिले, वर नाव नाही गाव नाही, म्हणाले हेच पाण्यात भिजवून द्या. ते आता संपत आलेत. घरात जितकी तोंडं तितकी मतं. सासूबाई म्हणतात दूध-बिस्किट दे, लहान पोर आहे. नवरा रात्री मोबाईलवर वाचत बसतो आणि सकाळी सांगतो ग्रेन फ्रीच (धान्य नसलेलंच) पाहिजे, तेही इम्पोर्टेड. शेजारच्या काकी कुंपणावरून ओरडून सांगतात कसली ती पाकिटं, हुमण-शीत (माशाची आमटी-भात) घाल बघ कशी वाढते. डॉक्टरकडे पहिल्या इंजेक्शनला गेलो तेव्हा बाहेर एवढी गर्दी की नीट विचारणं झालंच नाही, कुठलंही चांगलं पपी फूड द्या एवढंच म्हणाले.

आम्ही दोघं सकाळी साडेआठला घराबाहेर पडतो, सासूबाई घरी असतात. दिवसातून किती वेळा, किती ग्रॅम, कुठलं, आणि ह्या पावसात ते टिकवायचं कसं (आमच्याकडे मिठालासुद्धा पाणी सुटलंय) हे कुणीतरी अनुभवी माणसानं सांगा प्लीज. अजून एक, ती एकेक दाणा उचलते, सोफ्याखाली नेते, तिथं खाते, मग दुसरा न्यायला परत येते. हे नॉर्मल आहे का?

तिसवाडीकर

रॉयल कॅनिन मिनी पपी आणा आणि सुटा. सोफ्याखालचं नॉर्मल आहे, आमचा म्हातारा झाला तरी अजून बेडखालीच नेतो.

अंत्रुजी

ताई, ब्रँडचं नंतर बघू, आधी एक काम करा, ते सुटे दाणे पूर्ण संपू देऊ नका. आज एक खाणं आणि उद्यापासून एकदम दुसरं असं केलं की पिल्लाचं पोट हमखास बिघडतं. सात ते दहा दिवस घ्या, पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुनं एक भाग नवं, मग अर्धं-अर्धं, मग उलटं. दाणे कमी उरले असतील तर जिथून पिल्लू आणलं त्यांना फोन करून नाव विचारा, पोत्यातनं काढून दिलेत म्हणजे पोत्यावर नाव होतंच की.

आता पाकीट कसं निवडायचं. पुढच्या बाजूचं चित्र, ते सॅल्मनचे तुकडे आणि गाजरं, त्याकडे बघूच नका. पाकीट उलटं करा, मागं बारीक अक्षरात एक ओळ असते, की हे खाणं संपूर्ण आणि संतुलित आहे आणि कुठल्या वयासाठी आहे. तिथं वाढीच्या वयासाठी किंवा सगळ्या वयांसाठी असं लिहिलेलं पाहिजे. अमेरिकेत आफको म्हणून संस्था आहे, युरोपात फेडियाफ, त्यांच्या निकषांचा उल्लेख त्याच ओळीत किंवा आसपास सापडतो. आफकोच्या हिशेबात वाढत्या पिल्लाला, खाण्यातलं पाणी वगळून, कमीत कमी २२.५ टक्के प्रोटीन आणि ८.५ टक्के फॅट लागतं. कोरड्या दाण्यांच्या कुठल्याही बऱ्या पपी फूडमध्ये एवढं असतंच, त्यामुळे २८ टक्केवालं २६ पेक्षा भारी असल्या हिशेबात डोकं घालू नका. ओल्या पाऊचवर ८ टक्के लिहिलेलं बघून मात्र फसायला होतं, कारण त्यात ८० टक्के पाणी असतं, पाणी काढलं तर तेच ८ टक्के ४० होतात.

छोट्या ब्रीडचं वेगळं पाकीट म्हणजे नुसती पैसे काढायची युक्ती असं बरेच जण म्हणतात. अर्धं खरं आहे. पण दाणा लहान असतो आणि त्या इवल्याशा जबड्याला तो चावता येतो, आणि पोट लहान म्हणून थोडक्यात जास्त कॅलरी बसवलेल्या असतात, ह्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. लॅब्राडॉरच्या पिल्लाचा दाणा पॉमला दिलात तर ती चाटत बसेल.

किती ग्रॅम, ह्याला गणित आहे. वजन किलोत घ्या, त्याला त्यानंच दोनदा गुणा, जे येईल त्याचं वर्गमूळ, आणि त्या वर्गमूळाचं परत वर्गमूळ. त्याला ७० नं गुणा. तुमच्या १.२ किलोला साधारण ८० येतात. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा, किलोकॅलरीत. चार महिन्यांखालच्या पिल्लाला ह्याच्या तिप्पट धरतात, म्हणजे २४०. पाकिटावर १०० ग्रॅमला किती किलोकॅलरी ते लिहिलेलं असतं, समजा ३८०, तर दिवसाला ६३ ग्रॅमच्या आसपास. पाकिटावरचा तक्ता आणि हे गणित यात थोडाफार फरक पडेल, पडू दे, कुठूनतरी सुरुवात करायची आणि दर आठवड्याला वजन करून कमी-जास्त करायचं. फासळ्यांवरून हात फिरवला की त्या बोटाला लागल्या पाहिजेत पण डोळ्यांना दिसता कामा नयेत. पॉमला एवढे केस की दिसण्यावर जाऊच नका, हातानंच बघायचं.

आणि ६३ ग्रॅम म्हणजे एक किलोचं पाकीट पंधरा दिवस पुरतं. म्हणून छोट्या कुत्र्याच्या बाबतीत महाग-स्वस्त हा वाद मला फुकटचा वाटतो, लॅबवाल्यांनी घालावा तो वाद.

वेळा चार. सकाळी तुम्ही निघायच्या आधी, दुपारी आणि चारच्या सुमारास सासूबाई, आणि झोपायच्या आधी एकदा. हे चार वेळांचं मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. एवढ्या छोट्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा जवळजवळ नसतोच, फार वेळ उपाशी राहिलं, किंवा खेळून दमलं आणि खाल्लं नाही, की रक्तातली साखर घसरते. मग ते लडखडतं, मलूल पडतं, थरथरतं, हिरड्या फिकट होतात, कधी फिट येते. असं दिसलं तर बोटावर मध किंवा साखरेचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि तसंच उचलून डॉक्टरकडे. सासूबाईंना हे आजच सांगून ठेवा, फ्रीजवर कागद चिकटवा हवं तर. चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा चालतं.

सत्तरीचा_वारा

एवढं गणित करायला लागलो तर माणसानं जेवायचं कधी. आमच्या वाळपईकडे घराघरात कुत्रे आहेत, सकाळी पेज, दुपारी उरलेलं शीत-कडी, बांगड्याचं डोकं, आणि बारा-तेरा वर्षं ठणठणीत जगतात, रात्री डुकरांच्या मागं पळतात. पाकिटं हल्ली आली. आमच्या आजोबांना कोण सांगायला गेलं होतं आफको-बिफको. कंपन्यांचा धंदा आहे हा सगळा, ताज्या अन्नाला तोड नाही.

अंत्रुजी

दादा, तुमचे कुत्रे जगतात यात वाद नाही. पण ते दिवसभर बाहेर असतात, शेतात उंदीर मारतात, काय-काय कुठं-कुठं खातात ते तुम्हालाही माहीत नाही. आणि एका वेतात दहा पिल्लं झाली त्यातली किती मोठी झाली ते कुणी मोजत नाही, जे उरले तेच आपल्याला दिसतात. ताईंचं पिल्लू चार भिंतीत राहणार, जे ताटलीत पडेल तेवढंच त्याच्या पोटात जाणार.

घरचं अन्न वाईट असं मी म्हणत नाहीये. भात आणि चिकन एवढंच दिलं तर त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर असतो. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीचं किंवा त्याच्या दुपटीपर्यंत लागतं. ते कमी पडलं की शरीर हाडातनं काढून घेतं, हाडं पोकळ होत जातात, आणि मग सोफ्यावरनं उडी मारली तरी पाय मोडतो. पॉमचे पुढचे पाय बघितलेत ना, काडेपेटीतल्या काडीएवढे. शिवाय आयोडीन, झिंक, व्हिटॅमिन ई हे सगळं भातात कुठनं येणार. घरचंच करायचं असेल तर जनावरांच्या आहाराचं शिकलेल्या डॉक्टरकडून प्रमाण बसवून घ्यायचं आणि मग ते ग्रॅम-ग्रॅम पाळायचं, म्हणजे परत गणित आलंच.

मडगावचा_दुकानदार

पेट शॉपमध्ये काम करतो म्हणून चार शब्द, मालकाच्या फायद्याचं सांगणार नाही.

सुटे दाणे कध्धी घेऊ नका. पोतं कधी फोडलं ते कुणाला माहीत नसतं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवेत एवढा ओलावा की उघडं पोतं दोन-तीन आठवड्यात मऊ पडतं आणि आतल्या तेलाला खवट वास सुटतो. बुरशी धरली तर ती डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि त्यातलं विष, अफ्लाटॉक्सिन म्हणतात, ते लिव्हरला धरतं आणि शिजवून किंवा उन्हात घालून जात नाही. दीड किलोच्या पिल्लासाठी दहा किलोची बॅग मागणारे येतात, ऑफर आहे म्हणून. मी त्यांना एक किलोचंच देतो, मालक ओरडतो. उघडल्यापासून महिनाभरात संपेल एवढंच घ्यायचं.

ठेवायचं कसं, तर दाणे डब्यात ओतू नका, पाकिटासकट डब्यात ठेवा. एक तर बॅच नंबर आणि तारीख पाकिटावर राहते, काही झालं तर दाखवायला, आणि दुसरं म्हणजे डब्याच्या तळाला जुनं तेल साचून खवट होतं आणि तुम्ही त्यावर नवीन ओतत राहता. पाकिटातली हवा दाबून काढायची, क्लिप लावायची, घट्ट झाकणाचा डबा, आणि डबा गॅसजवळ किंवा पत्र्याच्या पडवीत नको. फ्रीजमध्येही नको, काढलं-घातलं की आत पाणी धरतं. मुंग्यांसाठी ताटलीत पाणी घालून त्यात तिची वाटी ठेवायची, ते तुम्हाला सांगायला नको. भिजवलेलं खाणं अर्ध्या-पाऊण तासात उचला, ह्या हवेत लगेच आंबतं.

ग्रेन फ्रीचं साहेबांना सांगा, की २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषधांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) त्यावरच चौकशी सुरू केली होती, वाटाणा-मसूर-बटाटा भरपूर असलेलं खाणं आणि हृदयाचा एक आजार यांचा संबंध आहे का म्हणून. पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण तांदूळ-मक्यानं कुत्र्याला अपाय होतो असंही काही नाही. ज्याला खरंच अ‍ॅलर्जी असते त्याला ती बऱ्याचदा चिकन, बीफ किंवा दुधाची निघते, भाताची क्वचित.

एक विचारतो, आई-बाप बघितलेत का तुम्ही? आपल्याकडे पॉम म्हणून विकलेली निम्मी पिल्लं इंडियन स्पिट्झ असतात. वाईट काही नाही, उलट आपल्या हवेला जास्त काटक, पण लहान जातीचा स्पिट्झ पाच ते सात किलोपर्यंत जातो आणि मोठा त्याच्याही बराच वर. एक्स्ट्रा स्मॉलचं पाकीट चार किलोपर्यंतच्या कुत्र्यांसाठी आणि मिनीचं दहा किलोपर्यंतच्या, म्हणून म्हटलं.

बार्देशी_मुलगी

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे. आई बघितली, ती मांजरापेक्षा जरा मोठी, बाप नाही बघितला. फोन केला, पेडिग्री पपी होतं म्हणाले, तर छोटं पाकीट आणलं, त्यातनंच हळूहळू मिनीवर नेते.

सासूबाईंना चार वेळांचं पटलंय, खरं तर त्यांना कामच मिळालं, घड्याळ लावून बसतात. दूध-बिस्किटावर मात्र अडून आहेत, थोडं दिलं तर काय होतंय म्हणतात. आणि आत्ता मासेमारीला बंदी आहे म्हणून नुस्तं (मासे) कमी येतंय घरात, पण ३१ जुलैला बंदी उठली की ट्रॉलर सुटणार आणि ह्या बाईसाहेब पाटाखाली येऊन बसणार हे मला आत्ताच दिसतंय. श्रावणात सुटका, पण पुढं चवथीचं गोडधोड आहेच. काय चालतं काय नाही ते सांगा. दुकानातनं एक कॅल्शियमचं सिरपपण गळ्यात मारलंय, ते सुरू करू का?

काणकोणची_नर्सबाई

माणसांची नर्स आहे पण घरात कायम कुत्री, आणि भाऊ व्हेट, त्याला विचारूनच लिहितेय.

सिरप बाजूला ठेव गो बाय. हे आपल्याकडे एक फॅडच झालंय, पिल्लू आणलं की पाकीट, पट्टा आणि कॅल्शियमची बाटली. संपूर्ण पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला त्या खाण्यातच पुरेसं कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वरनं ओतलं तर ते प्रमाण बिघडतं, झिंकसारख्या बाकीच्या गोष्टी शोषल्या जात नाहीत. कान उभे राहायला कॅल्शियम द्या असंही कुणीतरी सांगेल तुला, हसून सोडून दे. डॉक्टरनं तपासून लिहून दिलं तर गोष्ट वेगळी.

दुधातली साखर बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. सासूबाईंचं मन मोडवत नसेल तर चमचाभर ताजं दही, बिनसाखरेचं. बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, त्या छोट्या पोटात दोन बिस्किटं गेली की पुढचं जेवण संपलंच, आणि मग तुम्ही म्हणणार नखरे करते. खाऊ म्हणून जे काय द्याल ते दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्श्यात बसलं पाहिजे, २४० मधले २४, म्हणजे उकडलेल्या अंड्याचा तिसरा भाग. माझी युक्ती सांगू? सासूबाईंना रोजच्या ६३ ग्रॅममधलेच दहा-बारा दाणे वेगळ्या छोट्या डबीत काढून दे, "खाऊचा डबा" म्हणून. देणाऱ्याला देण्याचं सुख पाहिजे असतं, आत काय आहे त्याचं पिल्लाला काही नाही.

नुस्तं चालतं, उकडून, मीठ-मसाला न घालता, आणि काटा एकेक बोटानं चाचपून काढून. इसवणाचा (सुरमईचा) तुकडा त्यातल्या त्यात सोपा, तारले-बांगडे नको, बारीक काटे राहतात. हुमण अजिबात नको, नारळाचं तेल, मिरची, मीठ आणि चिंच सगळं एकदम. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेले असले तरी, म्हणजे शागुती (मसाल्याचा मटण-चिकनचा रस्सा), लसूण घातलेली सोलकढी आणि चौरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) हे तिघेही बाद, चौरीसात तर चरबी आणि मीठही वर. द्राक्षं आणि मनुका किडनीला धरतात, किती खाल्ल्यावर धरतील ते प्रत्येक कुत्र्याचं वेगळं, म्हणून एकही नको. मनुका आपल्याकडे लपून येतात, चवथीच्या नेवऱ्यांत (करंज्यांत) असतात, नाताळात शेजारणीनं दिलेल्या केकमध्ये असतात. चॉकलेट नको. शुगर फ्री च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल असतं, साखरेऐवजी घालतात ते, त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते, पर्स जमिनीवर ठेवू नकोस. काजूगर एखादा पडला तर विष नाही, पण चरबी फार, आणि कच्च्या बियांच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं, तुमच्याकडे बागायत असेल तर लक्ष ठेव. आंब्याची बाठ आणि फणसाची बी आतड्यात अडकते. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून टोकं होतात, ती पोराटोरांनी ताटाखाली टाकायची नाहीत.

आणि हे जास्त महत्त्वाचं. तिचा लसींचा कोर्स सोळा आठवड्यांपर्यंत चालणार. तोपर्यंत उलटी-जुलाब दोन्ही झाले, रक्त पडलं, किंवा ती खायचीच थांबली, तर नवीन खाणं मानवलं नाही असं म्हणत घरी थांबू नका. पार्वो (पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार) असू शकतो, आणि पावसात बाहेरनं चपलांवरनंही तो घरात येतो. त्याच दिवशी डॉक्टर. जंताचं औषध चुकवू नका, पोट टम्म आणि अंग बारीक असं दिसलं तर लोक खाणं बदलत बसतात आणि आत जंत मजेत असतात.

सत्तरीचा_वारा

चौरीस नको ते पटलं. बाकी नर्सबाई, अंड्याचं टरफल वाटून घातलं तर कॅल्शियम होत नाही का? आमच्याकडे घालतात, आता माझ्या बहिणीनंही शित्झू आणलाय म्हणून विचारतो.

काणकोणची_नर्सबाई

होतं की, टरफल म्हणजे कॅल्शियमच. पण पाकिटाचं खाणं चालू असेल तर सिरपसारखंच, वरनं नको. बहीण पूर्ण घरचंच देणार असेल तर टरफल उपयोगी पडतं, किती ते मात्र तिच्या पिल्लाच्या वजनावर आणि बाकी काय घालते त्यावर, चिमटीनं अंदाजे नको. शित्झू असेल तर वाटी उथळ घ्यायला सांगा, चपट्या तोंडाला खोल वाटीतलं उचलता येत नाही.

तिसवाडीकर

मी एका ओळीत सांगितलेलं ते सगळ्यांनी मिळून एवढं मोठं केलं 😄 बरं, दहा-बारा महिन्यांनी अ‍ॅडल्टवर न्या. छोटी ब्रीड लवकर मोठी होते, लॅबवाले सांगतात तसं दीड वर्ष थांबायची गरज नाही. आणि नसबंदी केलीत की भूक वाढते आणि गरज कमी होते, तेव्हा ग्रॅम परत मोजा. आमच्या गल्लीत दोन पॉम आहेत, चालताना धापा टाकतात आणि मालकांना वाटतं फ्लफी आहेत.

बार्देशी_मुलगी

खाऊच्या डब्याची आयडिया आज करून बघितली, सासूबाई खूश. सिरप दुकानात परत घेत नाहीत म्हणे. एक राहिलं, भिजवून द्यायचं कधीपर्यंत? कोरडे दाणे दिले तर ती सोफ्याखाली नेते, भिजवलेले वाटीतच खाते.

अंत्रुजी

साधारण तीन महिन्यांपर्यंत कोमट पाण्यात दहा मिनिटं, मग पाणी कमी-कमी करत कोरड्यावर आणा. दुधाचे दात तीन महिन्यांनंतर पडायला लागतात, तेव्हा हिरड्या दुखतात आणि परत थोडे दिवस भिजवलेलं मागेल, द्या. पॉममध्ये दुधाचा सुळा न पडता नवा त्याच्या शेजारी उगवतो असं बऱ्याचदा होतं, सहाव्या महिन्याच्या सुमारास तोंड उघडून बघा आणि दोन-दोन दिसले तर डॉक्टरला दाखवा. वजनाचा कागद फ्रीजवर लावा, तारीख आणि ग्रॅम, बस.